ओडोमीटर ७९,९९९ वर अडकलंय, स्पीडचा काटा मात्र चालतो. मीटर उघडू का?

चाकोरी
नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, मीटर पूर्ण मेकॅनिकल, म्हणजे गिअरबॉक्समधून केबल येऊन मीटरच्या मागे लागते तसलं. स्पीडचा काटा मस्त चालतो, थरथरत पण नाही, पण किलोमीटरचे आकडे ७९,९९९ वर येऊन थांबलेत. शेवटचा ९ अर्धा वर सरकलाय, खालून ० डोकावतोय आणि तिथेच अडकलाय. ट्रिपमीटर पण बंद. डॅशबोर्डमधून मीटर काढणं जमेल मला, वायरिंगची भीती नाही, पण मीटरच्या आतलं बारीक काम कधी केलेलं नाही. उघडावं का? आणि चालू झाल्यावर आकडा ॲडजस्ट करता येतो का, कारण तो बंद पडल्यावरही गाडी बरीच चालली आहे आणि ते किलोमीटर कुठेच धरले गेले नाहीत.

सारथी
आधी केबलमध्ये थोडं तेल सोडून बघा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

दातेरी
सारथी, तेल नका सांगू राव. काटा चालतोय म्हणजे केबल फिरतेय, इथे तिचा काही संबंधच नाही. उलट तेल हा जुन्या मीटरचा एक नंबरचा शत्रू आहे. आतली केबल म्हणजे पीळ दिलेली तार, ती फिरायला लागली की त्या पिळावरून तेल हळूहळू वर चढतं आणि थेट मीटरमध्ये जातं, मग काटा चिकटतो, डायलवर डाग पडतात. केबल कोरडी असेल तर ग्रीस, तेही पातळ हाताने, खालच्या दोन तृतीयांश भागाला, मीटरकडची शेवटची वीतभर केबल कोरडी ठेवायची. आणि केबल कुठे घट्ट वळवायची नाही, वळणाची त्रिज्या १५ सेंमीच्या खाली गेली की काटा नाचायला लागतो.

आता चाकोरी, तुमचं. काटा आणि आकडे दोन्ही मेले तर केबल तुटली किंवा गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर गेला. आकडे चालू पण काटा मेला तर काट्याची स्प्रिंग किंवा कप. काटा चालू आणि आकडे मेले तर आकड्यांकडे जाणारे गिअर. तुमची तिसरी केस.

कारण काटा आणि आकडे एकाच शाफ्टवरून चालतात पण पूर्णपणे वेगळ्या तऱ्हेने. केबल जो शाफ्ट फिरवते त्याच्या टोकाला चुंबक असतो, त्याच्यावर ॲल्युमिनियमचा हलका कप, दोघं एकमेकांना टेकत सुद्धा नाहीत. चुंबक फिरला की कपात एडी करंट, म्हणजे धातूतल्या धातूत गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि कप चुंबकामागे ओढला जातो, बारीक स्प्रिंग त्याला मागे खेचते, दोघांची ताकद जिथे सारखी होते तिथे काटा थांबतो. ही आयडिया ऑटो शुल्झची, १९०२ चं पेटंट, आणि इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत जगभर हेच चाललं. आकड्यांचं मात्र निव्वळ दात्यांचं काम. त्याच शाफ्टवर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे, कोरलेला असतो, त्यावरून एक-दोन छोटे गिअर वेग प्रचंड कमी करतात आणि शेवटचं आकड्याचं चाक फिरवतात. स्प्रिंग नाही, चुंबक नाही. म्हणून काटा खोटं बोलू शकतो, थोडं कमी थोडं जास्त, पण आकडे एक तर बरोबर प्रमाणात मोजतात नाही तर थांबतात.

बारीकपाना
वरच्याला +१. आणि ७९,९९९ वरच का अडकलं हे बघा, ते उगाच नाही.

आकड्यांच्या प्रत्येक चाकाला एका बाजूला आतून २० दाते असतात आणि दुसऱ्या बाजूला फक्त २ दाते, तेही ९ आणि ० च्या मधल्या जागेवर. दोन चाकांच्या मध्ये एक पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. चाकाचा पूर्ण फेरा होत आला की ते २ दाते पिनियनला ढकलतात, पिनियन पलीकडच्या चाकाचे २० पैकी २ दाते फिरवतं, म्हणजे बरोबर एक दशांश फेरा, एक आकडा. बाकी वेळ पिनियनचे लांब दाते चाकाच्या कडेवर घासत बसतात म्हणून शेजारचं चाक हलत नाही. इतकं साधं.

आता एरवी एकच चाक फिरत असतं. ९ चा ० होताना दोन. पण ७९,९९९ चे ८०,००० होताना पाचच्या पाच चाकं एकदम हलवायची असतात, आणि तो सगळा भार त्या एका छोट्या गिअरवर येतो. गिअर शाफ्टवर जरा सैल झालेला असेल तर तोपर्यंत कसंबसं ओढत होता, इथे घसरला. म्हणजे रोग जुना आहे, दिसला आत्ता. ९,९९९, १९,९९९, ४९,९९९ असल्या आकड्यांवर थांबलेली मीटरं म्हणूनच इतकी दिसतात.

चाकोरी
अरे वा, हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होतो की ७ चा ८ होणारं चाक अडकलंय आणि त्यालाच काहीतरी झालंय.

बारीकपाना
ते पण असू शकतं, म्हणूनच फक्त गिअर चिकटवून मोकळे होऊ नका. आधी चाकं मोकळी फिरतात का बघा. जुनं तेल सुकून चाकांच्या मधे चिकट थर झाला असेल तर नवीन गिअर पण तिथेच मान टाकेल.

रानवाट
उघडायचं असेल तर काही गोष्टी आधीच सांगते, नंतर हळहळून उपयोग नसतो.

पुढची काच धरणारी धातूची रिंग बहुतेक मीटरना मागून दुमडलेली असते. ती एका जागी जोर लावून उचकटायची नाही, छोट्या पातळ स्क्रूड्रायव्हरने गोल फिरत फिरत जराजरा उघडायची, तीन-चार फेरे झाले तरी चालतील. एकाच ठिकाणी ओढली की रिंगला लाट येते आणि ती परत कधी सरळ बसत नाही. प्लॅस्टिक क्लस्टर असेल तर हे सगळं वाचतं, फक्त स्क्रू आणि क्लिपा.

काटा. शक्य असेल तर काढूच नका. बऱ्याच मीटरमध्ये डायल न काढता मागून किंवा बाजूने गिअरपर्यंत पोचता येतं. काढावाच लागला तर आधी हे करा: डायलवर ० पाशी एक खुंटी असते, काटा तिच्यावर टेकलेला असतो, पण स्प्रिंगचा खरा शून्य त्या खुंटीच्या बराच खाली असतो. काटा अलगद खुंटीवरून उचलून पलीकडे सोडा, तो जिथे स्वतःहून शांत होतो तिथे डायलवर चिकटपट्टी लावून खूण करा, फोटो काढा. परत बसवताना त्याच खुणेवर बसवायचा आणि मग उचलून खुंटीच्या अलीकडे आणायचा. हे चुकलं तर काटा सगळ्या स्पीडला सारखाच खोटा दाखवतो आणि लोक चुंबकाला दोष देत बसतात.

आकड्यांना पेट्रोल, थिनर, स्पिरिट काहीही लावू नका. आकडे छापलेले असतात, कापसाबरोबर निघून येतात. ओलसर कापूस, बास. आणि डायल फार जुना असेल, अंधारात चमकणारा रंग असलेला, तर तो रंग खरवडू नका, त्या काळच्या काही रंगांमध्ये रेडियम असायचं. चमक गेली तरी रेडियम जात नाही.

चाकोरी
धन्यवाद रानवाट ताई. डायल साधाच आहे, चमकणारा नाही. रविवारी उघडतो.

शून्य_शिल्लक
मी पण एक विचारून घेतो, धागा चालू आहे तर. माझं मीटर पूर्ण बदलायचंय, जुन्या गाडीतून काढलेलं सेकंडहँड मीटर मिळालंय, त्यावर १,३२,००० आहे. माझी गाडी ६१,००० चालली आहे. आकडा कमी करता येतो का?

दातेरी
करता येतो. आणि हा प्रश्न विचारल्यावर दर वेळी धाग्यात शांतता पसरते :)

मेकॅनिकल मीटरमध्ये आकडा बदलणं अवघड नाही, पिनियनची दांडी उचलली किंवा चाकांचा शाफ्ट सरकवला की चाकं हाताने सुटी फिरतात, हवा तो आकडा एका ओळीत लावायचा आणि दांडी परत बसवायची. ड्रिलने उलटं फिरवत बसणारे पण आहेत, पण त्यात वर्म घासतो आणि वेळ पण फार जातो, त्यापेक्षा चाकं सुटी करणं बरं. प्रश्न कशासाठी हा आहे. तुमच्या गाडीचा खरा आकडा ६१,००० असेल आणि मीटरवर तोच लावला तर ती दुरुस्ती. गाडी १,३२,००० चाललेली आणि विकायला ६१,००० केले तर ती फसवणूक. कृती तीच.

म्हणून जुनं मीटर फेकू नका, दोन्ही मीटरचे फोटो एकत्र काढा, तारीख घालून सर्व्हिसच्या वहीत लिहा, आणि गाडी विकताना ते पान स्वतःहून दाखवा. आणि जिथे गाडी आहे तिथला नियम आधी बघा, बऱ्याच ठिकाणी मीटर बदलल्याची नोंद करणं सक्तीचं असतं.

सारथी
आकडे वरखाली, वाकडेतिकडे दिसले की मीटर छेडलेलं आहे असं समजायचं ना?

बारीकपाना
शंका घ्यायला हरकत नाही, पण पुरावा नाही. पिनियन झिजलं की चाकं आपोआप थोडी वाकडी दिसतात. आणि ज्याने नीट काम केलंय त्याचे आकडे एका ओळीतच असतात, हे पण लक्षात घ्या. आकड्यापेक्षा पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा, ते जास्त बोलतात.

चाकोरी
उघडलं. तुम्ही म्हणालात तसंच. वर्मवरून येणारा गिअर प्लॅस्टिकचा आहे, शाफ्टवर दाबून बसवलेला, आणि मधल्या भोकापासून एका दात्याच्या बुडापर्यंत केसासारखी चीर. बोटाने शाफ्ट धरला तर गिअर वर गरागरा फिरतो. चाकं मात्र मोकळी आहेत, एक जरा जड आहे. सुपरग्लू लावून टाकू का?

रानवाट
थांबा थांबा. सुपरग्लूची वाफ बंद जागेत काचेच्या आतून आणि डायलवर पांढरी साय धरते, ती जात नाही. लावायचंच तर गिअर मीटरच्या बाहेर काढून लावा आणि पूर्ण सुकल्यावर आत घाला. धातूचे बुश पक्के करायला जे लॉकिंगचं लिक्विड मिळतं ते काही प्लॅस्टिकला अजून चिरा पाडतं, ते नको.

बारीकपाना
गिअर धातूचा असता आणि नुसता शाफ्टवर सैल झाला असता तर मी म्हटलं असतं शाफ्टवर कानसने बारीक रेघा मारा आणि परत दाबून बसवा, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच युरोपियन मीटरना तोच उपाय चालतो. पण प्लॅस्टिकला चीर गेलीय म्हणजे गोष्ट वेगळी. चीर उघडली की त्या दोन दात्यांमधलं अंतर वाढतं. चिकटवून घसरणं थांबेल, पण दर फेऱ्याला तेच अंतर वर्मवर येऊन अडखळणार, आणि एक दिवस दाता जाणार. गिअर बदला.

नवीन शोधताना तीन गोष्टी लागतात: दाते किती, बाहेरचा व्यास, आणि भोक. व्यासाला दाते अधिक २ ने भागलं की मॉड्यूल, म्हणजे दात्यांच्या आकाराचं माप, मिळतं. समजा २५ दाते आणि व्यास १०.८ मिमी, तर १०.८ भागिले २७ म्हणजे ०.४. चिरलेल्या गिअरचा व्यास चिरेच्या जागी मोजू नका, तिथे तो फुगलेला असतो. दाते दोनदा मोजा, एका दात्यावर पेनाने खूण करून. एक दाता चुकला तर मीटर चालेल, पण कायम खोटं चालेल.

शून्य_शिल्लक
थ्रीडी प्रिंट करून घेतला तर?

बारीकपाना
रेझिनचा ठिसूळ होतो, काही दिवस बरा जातो. नायलॉन किंवा ॲसिटल (कडक, टिकाऊ प्लॅस्टिक) मिळालं तर तेच घ्या. आणि नवीन गिअर बसवताना भोक इतकं घट्ट ठेवू नका की परत ताणाने चीर जाईल, मूळचा गिअर बहुधा त्यानेच गेलाय. प्लॅस्टिक वर्षानुवर्षं आकसतं, शाफ्ट आकसत नाही.

चाकोरी
गिअर मिळाला, बसवला. जड चाक ओल्या कापसाने पुसलं, आता सगळी फिरतायत. बाहेरच ड्रिलने हळू फिरवून बघितलं, ७९,९९९ चे ८०,००० झाले!! पाचही चाकं एकदम फिरताना बघायला मजा येते राव.

एक प्रश्न, बंद होतं तेव्हाचे किलोमीटर टाकू का? पेट्रोल भरल्याचा हिशोब माझ्याकडे लिहिलेला आहे, लिटर गुणिले ॲव्हरेज केलं तर बऱ्यापैकी जवळचा आकडा निघतो.

रानवाट
मी असते तर मीटरवर नसतं टाकलं. अंदाज वहीत लिहायचा, मीटरवर नाही. मीटरवर जे आहे ते मोजलेलं असावं.

दातेरी
मी उलट मताचा. हिशोब पक्का असेल तर टाकावा, नाही तर इंजिन ऑइल आणि टायमिंग बेल्टचं वेळापत्रक सगळं मागे पडतं. पण दोघांच्याही मते वहीत लिहायचंच आहे, तेव्हा भांडण नाही.

ड्रिलबद्दल एक, कोणीतरी वाचून करेलच म्हणून. दिशा आधी बघा, केबल कुठल्या बाजूने फिरते ते, उलटं जोरात फिरवू नका. आणि स्पीड बघा. जपानी मानकात केबलचे ६३७ फेरे म्हणजे १ किमी, म्हणजे मिनिटाला ६३७ फेऱ्यांना काटा ६० वर यायला हवा. ड्रिल पूर्ण वेगाने सोडलं तर काटा दुसऱ्या टोकाच्या खुंटीवर जाऊन आपटतो. मैलवाल्या मीटरमध्ये साधारण १,००० फेऱ्यांना १ मैल, आणि स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या डायलवर तर फेरे प्रति मैल हा आकडा डायलच्या खालीच बारीक छापलेला असतो.

चाकोरी
गाडीत बसवलं, चालू आहे. पण आता नवीनच काहीतरी. फोनच्या जीपीएसवर २० किमी झाले तेव्हा मीटरवर २०.९. परत केलं तर तेच. मीटरमध्ये कुठे स्क्रू वगैरे असतो का ॲडजस्ट करायला?

दातेरी
नसतो. काट्यासाठी काहीतरी असतं, स्प्रिंग किंवा चुंबकाची ताकद, आकड्यांसाठी काहीच नसतं. आकड्यांचा हिशोब तीन ठिकाणी ठरतो, टायर, गिअरबॉक्सवरचा केबलचा गिअर आणि मीटरच्या आतले दाते. आतले दाते तुम्ही मोजून बसवलेत, म्हणजे उरले दोन.

टायर कुठला? १५५ चे ८० सिरीज १३ इंची असतील तर व्यास साधारण ५७८ मिमी. १६५ चे घातले तर ५९४, म्हणजे पावणेतीन टक्के मोठा, पण मग मीटर कमी दाखवलं असतं. तुमचं जास्त दाखवतंय. झिजलेल्या टायरने दीड-दोन टक्के जास्त येऊ शकतं, साडेचार नाही.

मीटरवर पण ६३७ छापलंय का बघा आणि मग गाडी ढकला. केबल मीटरच्या बाजूने सोडा, आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा छोटा झेंडा लावा, सपाट जागी टेपने बरोबर २० मीटर मोजून गाडी सरळ ढकला आणि झेंड्याचे फेरे मोजा. पावणेतेरा फेरे यायला हवेत, १२.७४.

सारथी
ढकलायची कशाला, एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर?

दातेरी
चालेल, पण मग डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, आड येतं. एक चाक जमिनीवर थांबलेलं असलं की उचललेल्या चाकाच्या एका फेऱ्याला आतलं गिअरिंग निम्मंच फिरतं. निम्मे फेरे धरून हिशोब करायचा. शिवाय टायरवर गाडीचं वजन नसतं, त्यामुळे घेर वेगळा येतो. ढकलणंच बरं.

जुनाट_इंजिन
अवांतर, पण राहवत नाही. चाकाचे फेरे मोजून अंतर काढायची ही कल्पना इसवी सनाच्या आधीची आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने गाडीच्या चाकाचे ४०० फेरे म्हणजे ५,००० रोमन फूट म्हणजे एक मैल असा हिशोब करून, दर मैलाला एक खडा भांड्यात पडेल असं दात्यांचं यंत्र वर्णन केलंय. खडे मोजायचे आणि मैल सांगायचे. टायर मोठे घालून फसवायची सोय तेव्हा पण असणारच.

चाकोरी
हाहा. मित्राला बोलावून ढकलली. मीटरवर ६३७ च आहे. झेंड्याचे फेरे १३ आणि वर पाव-तिसरा भाग. दोनदा केलं, तेच.

दातेरी
म्हणजे १३.३ धरा. किलोमीटरला ६६५. ६३७ च्या जागी ६६५, साडेचार टक्के जास्त, तुमच्या २०.९ शी बरोबर जुळतं. मीटर निर्दोष आहे, केबलच जास्त फिरतेय.

आता बघा. टायरचा चालता घेर १.७६ मीटर धरला तर चाक किलोमीटरला ५६८ वेळा फिरतं. डिफरन्शियल ४.१ असेल तर गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट २,३२९ वेळा. त्यावरचा वर्म ६ दात्यांचा आणि केबलचा गिअर २२ दात्यांचा असेल तर केबल ६३५ फेरे, जवळजवळ परफेक्ट. २१ चा असेल तर ६६५. तुमच्या गाडीचे रेशो मॅन्युअलमधून तपासून घ्या, पण मला वाटतं कोणीतरी कधीतरी दुसऱ्या टायरसाठीचा किंवा दुसऱ्या मॉडेलचा गिअर घातलाय. एका दात्याला साडेचार टक्के, इतकं सरळ आहे.

चाकोरी
मॅन्युअलमध्ये ४.१ च आहे! मग आधीचे ७९,९९९ पण खोटेच की.

बारीकपाना
पहिल्यापासून तोच गिअर असेल तर खरे साधारण ७६,५००. कधी घातला ते कळायला मार्ग नाही, तेव्हा त्या नादाला लागू नका, मीटर आहे तसं ठेवा.

गिअर बदलताना: केबल जिथे गिअरबॉक्सला लागते तिथला एक बोल्ट काढला की स्लीव्हसकट गिअर बाहेर येतो. थोडं गिअर ऑइल सांडेल, खाली भांडं ठेवा. स्लीव्हवरची ओ रिंग आणि आतला छोटा सील दोन्ही नवीन घाला, जुनाच सील परत घातला तर ऑइल केबलमधून वर चढेल आणि मीटरमध्ये जाईल. काही गाड्यांत दात्यांप्रमाणे स्लीव्हचं भोक मध्यापासून सरकवलेलं असतं, तेव्हा २२ चा गिअर घेताना स्लीव्ह पण त्याच दात्यांचा आहे ना बघा. आणि बदलल्यावर परत ढकलून फेरे मोजा, मगच केबल मीटरला लावा.

चाकोरी
आणि स्पीडचा काटा? तो पण आत्तापर्यंत साडेचार टक्के जास्त दाखवत असणार ना, तो वेगळा ॲडजस्ट करायचा का?

दातेरी
नाही, त्याला हातच लावू नका. केबल तीच आहे, फेरे कमी झाले की काटा आपोआप खाली येईल. गिअर बदलून जीपीएसशी ताडून बघा, आणि तरी ६० ला ६३-६४ दाखवत असेल तर ते बहुतेक कारखान्यातूनच तसं ठेवलेलं असतं, काटा थोडा पुढे चालेल पण मागे नाही, अशा बेताने.